सोपानने न घेतलेली किडनी

सोपान गेल्याची बातमी मला, मी परगावी असताना, एका फ्लेक्सने दिली. म्हणजे मोबाइलवर आलेल्या फ्लेक्सच्या फोटोने. वर सहकार क्षेत्रातले आठ-नऊ चेहरे, सगळे इस्त्रीचे, त्यातला एकही दुःखी नव्हता. खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचा, फेटा बांधलेला सोपान. मला आधी वाटलं, कुणा साहेबांचा वाढदिवस आहे आणि सोपान शुभेच्छुक आहे... मग 'भावपूर्ण' हा शब्द दिसला आणि मी गावाकडची एसटी पकडली. त्याला आता दीड महिना होत आला. फ्लेक्सवर त्याच्या नावाखाली 'धर्मासाठी देह झिजवणारे कीर्तनकार' असं लिहिलं होतं. सोपानचा देह कशासाठी झिजला हे मला थोडंफार माहीत आहे, म्हणून हे लिहितो आहे.

केज तालुक्यात लोक त्याला सोपान महाराज म्हणत. युसूफ वडगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो, त्यामुळे माझ्यासाठी तो नुसता सोपान आणि मी त्याच्यासाठी 'काय बे मास्तर'. मी देव मानत नाही, हे त्याला माझ्या स्वभावातलं एक व्यंग वाटे, जसं कुणाला चकणेपण असतं. तो आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव होता. सकाळी दुधाचं फॅट काढायचं आणि बोलावणं आलं की कीर्तनाला उभं राहायचं. ही दोन कामं तो वेगळी मानत नसे. ऐन निरूपणात थांबून म्हणायचा, "पांडुरंगाला समदं दिसतं. मला लॅक्टोमीटरमध्येच दिसतं. पुढं बसलेल्या दोघांनी उद्या समजून यावं." आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या ऐवजी पाच जणांचं दूध घट्ट यायचं. टँकरच्या त्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत गेली, संस्थेचं दूध निम्म्यावर आलं. पण आलं ते इतकं चोख की वरून तपासायला आलेला माणूसही चकित झाला. "चोख न्हाई तर काय," सोपान म्हणाला, "भेसळीला पाणी कुठंय?"

त्याच उन्हाळ्यात त्याचा चेहरा भरायला लागला. गावात बोललं गेलं की महाराजांच्या तोंडावर तेज चढलंय. लोक जास्त वाकून पाया पडू लागले. एका सकाळी तो माझ्या ओट्यावर आला, धोतर घोट्याच्या वर घेतलं आणि म्हणाला, "हे बघ. काल एक म्हातारी पाया पडली, तिची बोटं हितं उमटली ती गेलीच न्हाईत." पावलावर खरंच खळगे होते, ओल्या मातीत उमटावेत तसे. मी त्याला त्याच दिवशी अंबाजोगाईला नेलं. तिथे तेजाचा उलगडा झाला. दोन्ही मूत्रपिंडं जवळपास संपली होती. रक्तदाब कधी मोजलाच नव्हता, आणि तासन्‌तास उभं राहून दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी तो वर्षानुवर्षं दुकानातून गोळ्या घेऊन खात होता. आपल्याकडे किडनीचं दुखणं असंच येतं. बोंब न मारता येतं, आणि कळतं तेव्हा घर त्याच्या नावावर झालेलं असतं.

डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. आणि पाण्यावर बंदी आली. गावाला टँकर दिवसाआड येत होता, बाया रांगेत भांडत होत्या, आणि सोपानच्या घरात रांजण भरलेला असूनही त्याने दिवसाकाठी एवढुसं पाणी प्यायचं. लवंग दाढेखाली धरून तो बसे. ओठांना साल धरलेली. "सरकारनं गावाला कोरडं ठेवलं, डॉक्टरनं मला," म्हणे, "सरकार निदान दौऱ्यावर तरी येतंय."

डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बदलली तर बरीच वर्षं मिळतील. रक्तातल्या कुणाची जुळते का पाहा. सोपानला एकच बहीण, कौसा. धाकटी, दिंद्रुडकडे दिलेली. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की बैलगाडीसकट कारखान्याच्या फडावर, ते उन्हाळा लागल्यावर परत. तिला कळलं त्या दिवशी ती एसटीने आली, डोईवरचं गाठोडं ओसरीत टाकलं आणि म्हणाली, "माझी काढा. मला दोन हायत." नवऱ्याचीही ना नव्हती. औरंगाबादला तपासण्या झाल्या आणि जुळली. मी आयुष्यात पहिल्यांदा गावाला पेढे वाटले. आणि सोपान म्हणाला, घेणार नाही.

कारण विचारलं तर म्हणाला, शास्त्रात बसत नाही. देह देवानं दिलेला, तो ज्याचा त्यानं अखंड परत करायचा. बहिणीचं अंग कापून आपण जगायचं हे पाप. मी थक्क झालो, कारण देवांसाठी आपली हाडं काढून देणाऱ्या ऋषीची कथा हाच माणूस दर श्रावणात रंगवून सांगायचा आणि बाया डोळे पुसायच्या. मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. मी, देव न मानणारा, शास्त्राच्या मागे लागलो. पोथ्या उसन्या आणून वाचल्या. सोपानला ज्यांनी कीर्तन शिकवलं त्या वृद्ध महाराजांकडे गेलो. ते म्हणाले, जिवंतपणी राजीखुशीने दिलेलं अंग हे दानच, त्याला दोष नाही. दुसऱ्या एका महाराजांनी मात्र, देणाऱ्याला पुढच्या जन्मी तो अवयव मिळत नाही, असं ठामपणे सांगितलं. त्यांना ही माहिती कुठून मिळाली ते विचारायचं राहिलं. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "जान बचाना सवाब का, पुण्य का काम है गुरुजी. बेचना नक्को, बस." हे सगळं मी सोपानपुढे मांडलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, तू लई चांगला कीर्तनकार झाला असतास. पण मला पटत न्हाई." कीर्तनकार शास्त्राला नकार देतोय आणि नास्तिक त्याची वकिली करतोय, असं ते बरेच दिवस चाललं. कौसा रडली, भांडली, जेवायची थांबली. "शास्त्र हाय, बाई," एवढंच तो म्हणे. शास्त्रापुढे तिला बोलता येत नसे.

या नकाराची कीर्ती पसरली. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी मारुतीच्या पारावर सोपानचा सत्कार ठेवला. मांडव, लाउडस्पीकर, छावणीतून उठवून आणलेली गर्दी. साहेब बोलले, विज्ञान कुठेही जावो, आमच्या महाराजांनी धर्म सोडला नाही. टाळ्या पडल्या. शाल घातली, श्रीफळ दिलं. मग साहेबांना काय सुचलं, उन्हाचं महाराजांना बरं वाटावं म्हणून त्यांनी एक शहाळं फोडून आणवलं आणि स्वतःच्या हाताने सोपानच्या ओठांना लावायला गेले. किडनीच्या रोग्याला नारळपाणी म्हणजे हृदय बंद पाडायची सोय. मी गर्दीतून उठेपर्यंत कौसा पारावर चढली होती. तिने शहाळं हिसकावलं.

"सायेब, पाणी पाजून मारता का त्याला?"

"अहो बाई, सत्कार आहे..."

"कशाचा सत्कार? मराया निघालाय त्याचा? द्यायला मी हुबी हाय, अन् शाल ह्याला कावून?"

लाउडस्पीकर चालू होता. सगळ्या गावाने ऐकलं. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाची आठवण झाली. सोपान खाली मान घालून बसला होता. कौसा पारावरून उतरली ती थेट फाट्यावर गेली आणि त्या वर्षी राखीपौर्णिमेलाही आली नाही.

त्यानंतर कधीतरी डायलिसिसहून परत येताना जीपमध्ये मी त्याला बोललो, चांगलाच बोललो. म्हणालो, तुझ्या शास्त्राने एक माणूस मरतोय आणि दुसरं जळतंय. त्याने खिडकीची काच खाली केली. बाहेर नुसती ढेकळं...

"मास्तर, तू कधी उसाची मोळी उचललीस का?"

"नाही."

"मी औरंगाबादला डॉक्टरला इचारलं. म्हणलं, एका किडनीवर बाई नीट राहील? तर म्हणले, राहील की. फकस्त पाणी भरपूर प्यायचं, दुखलं-खुपलं तरी गोळ्या खायच्या न्हाईत, अंगाला जपायचं." तो हसला. "फडात पाणी कुठंय बे? एक कळशी, तीबी लांबून. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकात चढती. पाठ दुखली की मुकादम गोळी देतो, त्याच गोळ्या, ज्यांनी मला खाल्लं. तिची एक मी घेतली तर उरलेली तिथं किती दिवस टिकंल?"

"मग तोडीला जाऊ नको म्हण तिला."

"म्हणंल, न्हाई जात. अन् दसरा झाला की गाडी जुंपंल. जाईल न्हाईतर काय खाईल?"

"हे तिला सांग तरी."

"सांगितलं की ती वाद घालंल, अन् वादात मी हरंन. शास्त्र म्हणलं की गप बसती."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पण ते त्याने तिच्या अंगावर, तिला न विचारता मांडलं होतं, आणि तिचं तोंड देवाच्या नावाने बंद केलं होतं. हेही मी त्याला बोललो. "हां, तेवढं पाप हाय," तो म्हणाला. "ते माझ्या नावावर."

तो पुढे काही वर्षं जगला, डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा जास्त. कीर्तनं बसून करायचा. हाडं देणाऱ्या ऋषीची कथा मात्र त्याने सोडून दिली. आणि एक सवय लावून घेतली. तोडीचा हंगाम सुरू झाला की रोज दुपारी, उन्हं डोक्यावर आली की, दूध संस्थेच्या खुर्चीत बसून कौसाला फोन लावायचा. ती त्याच्याशी बोलत नव्हती. पण फोन उचलायची. मी शेजारी बसून कितीदा ऐकलंय.

"पाणी पिलीस का?"

"पिले." आणि फोन बंद.

एवढंच संभाषण. घशाला कोरड पडलेला माणूस दुसऱ्याला पाणी पी म्हणून विचारतोय, आणि ती रागाने पाणी पितेय. असे किती हंगाम गेले.

दहाव्याला कौसा फडावरून आली होती. सगळे विधी उरकल्यावर, फ्लेक्सवरचे साहेब येऊन गेल्यावर, ती ओसरीत माझ्याजवळ येऊन बसली. मी ठरवलं होतं, आता तिला सांगायचं. सुरुवात केली, "कौसा, सोपाननं शास्त्राचं जे सांगितलं ना..."

"ठावं हाय मला, गुरुजी."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? पयल्या हंगामात फोन याया लागला, तवाच कळलं. शास्त्राचं असतं तर त्यानं पाण्याचं कावून इचारलं असतं?"

"मग बोलली का नाहीस त्याच्याशी?"

ती उसळली. "कळलं म्हणून राग जातो व्हय? माझी हुती ती. द्यायची का न्हाई, मी ठरवणार हुते. जगले असते न्हाईतर मेले असते... त्यानं ठरवलं." मग पदर तोंडाला लावला. हळूच म्हणाली, "बोलले असते तर फडात रडू आलं असतं. लोकं बघत्यात."

परवा मी तिला फोन केला, दुपारीच. का केला ते सांगता येत नाही. सोपानची जागा घ्यायची माझी पात्रता नाही, आणि तशी इच्छाही नव्हती. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. कशी आहेस विचारलं. बरी हाय म्हणाली. मला पुढचा प्रश्न विचारता येईना. तोंडाशी आला आणि राहिला... तिलाच ते कळलं असावं.

"आता दुपारचा फोन वाजत न्हाई, गुरुजी," ती म्हणाली. "पण उन्हं डोक्यावर आली की कोयता खाली ठिवते. कळशीकडं जाते. आमचे मालक म्हणत्यात, आता कुणाला दाखवायला? तांब्याभर पाणी पिते, अन् तोंड पुसताना म्हणते..."

"काय म्हणतेस?"

"पिले."