आकाशात सरकून बसणारे भाऊजी

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही चौघे एकदम बोललात आणि मला एकाचंही काही कळलं नाही. तेव्हापासून तुमच्या आजोबांचे मावसभाऊ आठवताहेत, म्हणून हे लिहायला बसले. दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट पाहण्यात या भाऊजींएवढा चिवट माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात झाला नाही. रिकाम्या बसमध्येसुद्धा ते "इथं कोणी हाये का?" असं विचारून मगच बसत. एकदा कटंगीला मुलगी पाहायला गेले आणि मुलीच्या काकांचं बोलणं संपायची वाट पाहत राहिले. ते संपलं नाही. भाऊजी अविवाहित राहिले.

वारासिवनीच्या राईस मिलमध्ये ते मिस्त्री होते आणि राहायला आमच्या मागच्या खोलीत. साठ-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. परवाना काढून त्यांनी तिथे बिनतारी यंत्र मांडलं होतं. कट्ट-कड असे संकेत पाठवून दूरच्या हौशी माणसांशी बोलायचा तो नाद. यंत्राची ताकद टॉर्चच्या बल्बाएवढी. आकाशात कुठल्या जागी, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, ते नखाएवढी स्फटिकाची एक चकती ठरवी. चकती एकच, म्हणून जागाही एकच. तिथे रोज सकाळी साडेसहाला सागर शहरातले एक अंध मास्तर त्यांची वाट पाहत.

आणि तिथेच एके दिवशी कुठल्याशा मोठ्या शहरातले एक गृहस्थ दांडगं यंत्र घेऊन येऊन बसले! आधी कान देऊन ऐकावं, जागा मोकळी आहे का विचारावं, ही साधी रीत; यांनी ती पाळली नाही. रोज सकाळी हे आपल्या अपचनाची हकीकत देशाला ऐकवणार, आणि आमचे भाऊजी कानाला हेडफोन लावून मुकाट बसणार. मला अजूनही संताप येतो.

त्यात मास्तरांचं पत्र आलं. ते मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते, यंत्र तिथे नेता येणार नव्हतं. रविवारी सकाळी शेवटचं बोलू, एवढंच लिहिलं होतं.

"भाऊजी, त्या माणसाला खडसवा की!" मी म्हटलं.

"काहून वहिनी? मोठ्यानं बोलनाऱ्याले ऐकू येत नाही. ज्याचा आवाज लहान, त्यानं जागा पाहून बसावं. मीच सरकतो थोडा."

सरकायचं म्हणजे चकती घासायची. घासली की फ्रिक्वेन्सी वर चढते. शनिवारी हा माणूस माझं दंतमंजन आणि माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्राची काच घेऊन घासायला बसला. न विचारता! बसमधल्या रिकाम्या बाकाला विचारणारा माणूस! आणि मन लावून घासता घासता एक हात जास्त फिरला. फ्रिक्वेन्सी परवान्याच्या हद्दीपलीकडे गेली, आणि घासलेलं काही भरून येत नाही.

रविवारी सव्वासहाला भाऊजी हातावर हात ठेवून बसलेले.

"एक दिवस हद्दीबाहेर बोललात तर काय बिघडतं?" मी ओरडले.

"नाही वहिनी. थे दुसऱ्याची जागा हाये."

"आणि मास्तर?"

भाऊजींनी एकदम उठून माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा न विचारता, आणि चकतीवर गिरवायला लागले. शिशाच्या वजनानं फ्रिक्वेन्सी किंचित खाली उतरते म्हणे. रेघ, तपासणी, पुन्हा रेघ. हद्दीच्या जेमतेम आत आले तेव्हा सहा पस्तीस झाले होते. त्यांनी हाक दिली. दुसऱ्यांदा दिली. मला वाटलं, मास्तर जुन्याच जागी कान लावून बसले असतील, अपचन ऐकत.

चौथ्या हाकेला उत्तर आलं. भाऊजींनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. ते हसत होते की रडत, ते मी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले.

आठवड्याने मास्तरांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: "तुम्ही त्याच्याशी भांडणार नाही, सरकून बसाल, हे ठाऊक होतं. म्हणून जुन्या जागेवर थांबलोच नाही. आजूबाजूला एकेक जागा हळूहळू ऐकत गेलो."

भाऊजी गेले, त्यांचं यंत्र भंगारात गेलं. ते कार्ड माझ्याकडे आहे.