काट्यावरचा डबा

सम्मेद आण्णा आमचे शेजारी. इस्लामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळल्यावर जेवण नाही. पण अठरा हंगामांत त्यांचं कधी अडलं नाही. ऊन उतरलं की रांगेतला पहिला ट्रॅक्टरवाला आपणहून इंजिन बंद करायचा. बहुतेकदा तो नानासो असायचा.

"जेवा आण्णा. ऊस काय पळून जात न्हाई."

"तुझा ट्रॅक्टर तरी कुठं पळतोय?" डबा उघडत आण्णा म्हणायचे. रांगेत हशा.

गेल्या हंगामात नवे साहेब आले. केबिनमध्ये कॅमेरा लागला. काटा जरा रिकामा दिसला की जाब. पहिल्याच संध्याकाळी नानासोनं सवयीनं इंजिन बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी आण्णांच्या हातात नोटीस पडली. त्या संध्याकाळी ते खिडकीतून एवढंच म्हणाले, "इंजिन बंद करायचं न्हाई. पुढं घ्या."

"आवं, पर जेवण?"

"पुढं घ्या."

डबा भरलेलाच घरी येऊ लागला. शिळं त्यांच्यात चालत नाही. आण्णांच्या पत्नी भाग्यश्रीवहिनी सकाळी तो फाटकापाशी गायीपुढं रिकामा करायच्या. आण्णा भांडले नाहीत, चिडलेही नाहीत. लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही नुसतं "बरं झालं" म्हणाले आणि पायातल्या चपला काढत बसले.

यंदा कामगारांनी मिळून जेवणाच्या सुट्टीसाठी अर्ज केला. साहेबांनी सही केली. साडेपाचला वीस मिनिटं काटा बंद. वहिनींनी त्या दिवशी डब्यात शेंगांची पोळी ठेवली, मलाही दोन आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तसाच परत आला."

नानासोनं इंजिन बंद केलं होतं म्हणे. आण्णा खिडकीतून म्हणाले, "पुढं घ्या."

"आण्णा, सुट्टी झाली की!"

तेव्हा आण्णांनी घड्याळ बघितलं आणि वीस मिनिटं तसेच खुर्चीत बसून राहिले.

"मी म्हटलं, आवं, मग का जेवला न्हाई?" वहिनी सांगत होत्या. "तर म्हणाले, भूक लागली न्हाई."

वहिनी अजून रोज डबा देतात. सकाळी सातच्या सुमाराला गाय फाटकाशी येऊन उभी राहते. तिला आता हाक मारावी लागत नाही.