टॉडहंटरांची हेस्टर

उत्तर इंग्लंडच्या त्या डोंगरांत कोल्ह्याला पूर्वी टॉड म्हणत. टॉडहंटर म्हणजे कोल्हे मारणारं घराणं. कोल्ह्याचं मुंडकं चर्चच्या फाटकाला ठोकलं की गाव बक्षीस द्यायचं. आता खोऱ्यात हे आडनाव लावणारी एकटी हेस्टर उरली होती, आणि कोल्हीने नेमकी तिचीच कोकरं पळवली.

"टॉडहंटरच्या घरी कोल्ही पाहुणचार झोडतेय!" शेजारचा जॉस बिरकेट पबमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला.

हेस्टरला ते झोंबलं. कड्याखालच्या दगडांच्या राशीत कुत्रं कधी सोडू नकोस, असं बाप मरेपर्यंत बजावत होता. सकाळी उठून तिने नेटल ही आपली लाडकी, बिळात घुसणारी टेरियर कुत्री कोल्हीमागे तिथेच सोडली. इरेला पेटलेल्या माणसाला अक्कल कुठली!

आतून भुंकणं, गुरगुरणं, मग दगड घसरल्याचा आवाज. नेटल अडकली.

कुत्रं दगडांत अडकलं की इकडे ऐन विणीच्या दिवसांतही लोक मेंढ्या टाकून पहारी घेऊन येतात. तसे आले. सगळ्यांत आधी जॉस.

"हेस्टर, मी आपलं गमतीने..."

"पहार धर."

एक दगड काढावा तर वरची शिळा करकरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आतलं भुंकणं थांबलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. हेस्टर मात्र पालथी पडून खांद्यापर्यंत भोकात शिरली. जॉसने शिळा पहारीवर तोलून धरली.

"बाहेर ये गं! हात सुटतील माझे!"

"सुटले तर बघ!"

तिच्या बोटांना ओलं नाक लागलं. मानगूट धरून तिने नेटलला ओढून काढलं. तोंड फाटलेलं, पण जिवंत. मागोमाग त्याच भोकातून कोल्ही पोटावर सरपटत आली. तिच्यातही पळायचं त्राण नव्हतं.

जॉसने पहार सोडून बरोबर आणलेली बंदूक तिच्यापुढे केली. "घे. नावाला जाग."

"हौस असेल तर तू मार. माझे हात रिकामे नाहीत."

जॉसने बंदूक उचलली, कोल्हीकडे पाहिलं आणि खाली केली. "मी कशाला? मी बिरकेट," तो पुटपुटला.

कोल्ही लंगडत झुडपांत शिरली. हेस्टरचं तिकडे लक्षच नव्हतं. नेटलला कोटात घेऊन ती चारचौघांत हमसून रडत होती. "चुकलं गं माझं," ती कुत्रीला म्हणत होती, "चुकलं."