राजघाटाची चढण

आमच्या लोधीपुऱ्यात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की शेजारचे काका त्याला भरलेल्या बॅगेसकट राजघाटावर नेतात. खाली उतरून तापीला हात जोडायचे आणि बॅग पाठीवर घेऊन सगळ्या पायऱ्या चढायच्या. धाप लागली की काका तिथेच बॅग उघडतात.

तैवानमधल्या केळीच्या बागा बघायला निघालो तेव्हा मीही अर्ध्या घाटात बसलो. काकांनी जीन्स आणि जाड टॉवेल बाहेर काढला.

“तिकडं उमस राहते बेटा, आपल्या श्रावणासारखी. हे वाळणार कधी? सुती शर्ट ने, पंचा ने. छत्री आत राहू दे.”

काका स्वतः कुठेच जात नाहीत, पण दुसऱ्याची बॅग हलकी झाली की त्यांचाच चेहरा खुलतो.

निघायच्या दिवशी ते स्टेशनावर आले आणि केळ्यांची अख्खी फणी माझ्या बॅगेत कोंबू लागले.

“काका, मी केळीच्याच मुलखात चाललोय.”

“म्हणून तर. त्यांना बी कळू दे ना, आपलं केळं कसं राहते.”

चेन कशीबशी लागली. बॅग उचलताना मी वाकलो. काकांनी ते पाहिलं आणि घाटाचं नावही काढलं नाही.