पदराआडची पाहुणी

ड्युसेलडॉर्फमध्ये कार्निव्हल आला की आमच्या ऑफिसातला गंभीर हिशेबनीससुद्धा मधमाशी होऊन फिरतो. मला हा प्रकार कधी झेपला नाही. खालच्या मजल्यावरच्या ग्रीक आजींचा कार्निव्हल मात्र निराळा. त्यांच्या गावात ईस्टरआधीचे मोठे उपास सुरू होण्यापूर्वी लोक दुसऱ्याचे कपडे घालून, तोंड झाकून घरोघर जातात. एक शब्द बोलायचा नाही. घरच्यांनी ओळखायचं. चुकलं तर पाहुणा नुसती नकाराची मान हलवतो. बरोबर आलं तर तोंड उघडतो आणि खायला बसतो.

गेल्या वर्षी माझ्या बायकोनं आजींना आपली मोरपंखी साडी पिना लावून नेसवली, आपल्याच दारात उभं केलं आणि आपणच ओळखलं. हसून हसून पुरेवाट झाली. "साडी तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पहिलं आमचंच दार."

त्याच वर्षीच्या पानगळीत ती गेली. मी सगळं केलं. आम्टात, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, कागद नेऊन दिले, ऑफिसला गेलो, लेकीचे डबे भरले. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. खंबीर कसला, दगड झालो होतो. बायकोचं नाव मात्र तोंडातून काढलं नाही. मी काढत नाही म्हणून नऊ वर्षांच्या लेकीनंही आईचा विषय सोडला. जेवताना तिच्या मनात काहीतरी विचारायचं असे, ते मला दिसे, आणि दिसूनही काही वाटत नसे.

यंदा त्या उपासांआधीच्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मोरपंखी साडी. निऱ्या उलट्या बाजूला, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, खाली लोकरी मोजे. आजींशिवाय कोण असणार? दिलेला शब्द पाळायला आल्या होत्या. मला रागही आला नाही.

लेक धावत आली आणि थबकली. साडीचा काठ तिनं बोटांनी चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पापा, राट माल!" ओळख ना, म्हणत होती. अलीकडे ती माझ्याशी जर्मनच बोलायची.

आजींचं नाव जिभेवर होतं. घेतलं असतं तर पदर वर गेला असता, कॉफी झाली असती, मी सुटलो असतो. तोंडातून निघालं ते बायकोचं नाव. स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकलो.

 खेळाच्या नियमाप्रमाणे पाहुणीनं मान हलवली. नाही.

लेकीनं माझा हात धरला. "बाबा, आई आता कधीच नाही येणार ना?" तिनं मराठीत विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि तिथेच दारातल्या पायपुसण्यावर बसून रडलो.