फुगलेली बॅटरी

मिऱ्या गावच्या गंगाराम सुर्व्यांचा सगळा जन्म बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात गेला. कंप्रेसरचा आवाज जरा बदलला की जेवता जेवता हात धुऊन उठणारा माणूस. पण मुलाने, गौरवने, बोटीवर जाताना घरी ठेवलेल्या लॅपटॉपपुढे मात्र त्यांचं काही चालत नसे.

गौरव मालवाहू बोटीवर. बोट बंदराला लागून रेंज मिळाली की तो फोन लावी. गंगारामांचा मोबाइल बटणांचा, त्यात नुसता आवाज, आणि परदेशातनं तोही महाग. चेहरा दिसे तो लॅपटॉपवर. बायको गेल्यापासून घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एका दुपारी घंटी वाजली. पडद्यावर गौरवचं नाव आणि खाली हिरवं बटण. गंगारामांनी कीबोर्डखालच्या चौकोनी पट्टीवर बोट फिरवलं, तर बाण भलतीकडेच पळाला. ओढून आणावा, तर पुन्हा कोपऱ्यात जाऊन थरथरतोय. "थांब रे, थांब!" ते म्हणत राहिले. घंटी थांबली. परत वाजलीच नाही.

त्यांनी पट्टी पुसली, लॅपटॉप बंद करून चालू केला. फरक नाही. हल्ली तो टेबलावर डुगडुगतही होता. टेबलाचा पाय आखूड झाला असेल म्हणून त्यांनी खाली पुठ्ठा घातला होता.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात श्रद्धाच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवून एक कोपरा दाबला, तर दुसरा वर आला. मग मागचं झाकण खोललं. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म.

"आबा, पट्टी चांगली आहे. ही बॅटरी खालनं तिला दाबतेय, म्हणून बाण पळतो. चार्जर कायम लावलेला असतो काय?"

"काढतच नाय गो बाय. त्याचा फोन कधी येईल ते कुठे ठाऊक असतं?"

 तिने नवी बॅटरी बसवली. बाण सरळ चालू लागला.

त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. मग एका सकाळी घंटी वाजली आणि त्यांनी पहिल्या फटक्यात फोन घेतला. गौरवने दाढी वाढवली होती.

"बाबा, मागच्या वेळी उचलला नाय तुम्ही. घाबरलो मी."

"बाण पळत होता."

"काय?"

"काय नाय. जेवलास?"

"हो. बाबा, बदली माणूस मिळत नाय. शिमग्याला यायला नाय जमणार."

"बरं."

किती दिवस मनात साठवलेलं काहीच जिभेवर येईना. तेवढ्यात आवाज तुटला, गौरवचा चेहरा हसता हसता गोठला आणि मग तोही गेला.



"शेजारच्या केरूने होडी विकली रे," गंगाराम रिकाम्या पडद्याला मोठ्याने म्हणाले. "रडला बिचारा."

मग उठून त्यांनी चुलीवर भात ठेवला.