चार तासांत सहा एकर

माझी बुढी मागच्या उन्हाळ्यात गेली. ती असती तर मोबाइलवरचे धडे तपासायची वेळ माझ्यावर आली नसती. मी चौथी शिकलो. सही करतो, पेपर हळूहळू वाचतो. कोणता धडा चांगला आणि कोणता भिकार, हे ठरवणं माझं काम नाही. पण अंगावर आलं आणि मी ते केलं. त्यात एक चूक केली, तीही सांगतो.

आमचं गाव मेडशीपासून आत आहे. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की माझा मुलगा आणि सून टोळीसोबत ऊसतोडीला जातात. उन्हाळा लागल्यावर परत येतात. नात दरवर्षी आजीजवळ राहायची. यंदा आजी नाही. मुलगा म्हणाला, "बा, पोरीले आमच्यासंगं नेतो. लहान्या भावाले सांभाळीन."

"अन् शाळा?"

"मोबाइलवर सारी शाळा फुकट हाये आता. फडावर बसून शिकीन."

ठेव तिला इथं, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मला चहाशिवाय काही करता येत नाही. पण पोरगी मला हवी होती. बुढी गेल्यापासून माझ्या तोंडून दिवसभरात दहा शब्द निघत नव्हते, आणि तेही बकरीशी.

नात सहावीत आहे. तिच्या मॅडम वाशीमवरून बसनं येतात. पोरगी जाणार हे सांगायला मी शाळेत गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आबा, फुकट धडे आहेत, खूप आहेत. त्याचीच पंचाईत आहे. चांगलं अन् कचरा एकाच ढिगात. मी चार निवडून देते. पण मी पाहून उपयोग नाही, मला ते आधीच येते. तुमी तिच्याजवळ बसून पाहा. एखादा खरंच चांगला निघाला तर जाऊ द्या तिले. नाही निघाला तर आपण दोघं मिळून पोराशी बोलू."

म्हणजे पोरगी जाणार की राहणार, ते त्या धड्यांवर आलं.

कशाकडे लक्ष द्यायचं ते मॅडमनी कागदावर लिहून दिलं. भाषा तिला कळते का, पुस्तकात आहे तेच शिकवतात का, नेट नसताना चालतं का, मध्येच पैसे किंवा नंबर मागतात का. माझी एक अट मी त्यात घातली. धडा संपला की मोबाइल पालथा ठेवायचा आणि तोच धडा तिनं मला समजावून सांगायचा. मला कळला तर तिला कळला.

आमच्याकडे नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळतं. शाळा सुटली की आम्ही दोघं टाकीच्या ओट्यावर बसायचो. येणारेजाणारे विचारायचे, "काय बुढ्या, पाचवीत नाव टाकलं काय?" मी म्हणायचो, "सहावीत. पाचवी सोडून देल्ली."

पहिल्या धड्यात एक टायवाला पोरगा होता. मागं कुत्रं लागल्यासारखा बोलायचा, अर्ध्याहून जास्त इंग्रजी. त्याचे तीन भाग झाले की दार बंद. पुढचं पाहायचं तर फोन नंबर टाका.

"फुकट म्हन्ते अन् नंबर मांगते," मी म्हणालो. "कायले पाह्यजे याले आपला नंबर?"

"मंग रोज फोन करतात आबा. माह्या मैतरणीच्या घरी करतात."

कागदावर त्याच्या नावापुढं फुली मारली.

दुसऱ्यात हत्ती आणि ससे नाचत होते. पोरगी हसली, मलाही गंमत वाटली. संपल्यावर मोबाइल पालथा ठेवला. "काय शिकली?" म्हटलं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "हत्तीचा टोप लाल होता." फुली.

तिसरा तिच्या पुस्तकातल्या काळ्या चौकटीवर मोबाइल धरला की उघडायचा. पुस्तकात आहे तेच, त्याच शब्दांत. बाई शांतपणे सांगत होत्या. पण घडीघडी अडकायचा, आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. टाकीजवळ ही गत, तर फडावर काय? त्याला अर्धी खूण दिली.

चौथा एका मास्तरचा. कुठल्या गावचा कोण जाणे. फळा, खडू, आणि मागून कोंबडी ओरडत होती. गाणं नाही, नाच नाही. दोन ओळी लिहायचा, "थांबा, आता वहीत करा," म्हणायचा आणि खरंच थांबायचा. एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालत होता. पोरगी मोबाइल पालथा ठेवून मला गणित सांगायला लागली, आणि मला ते कळायला लागलं. कळत गेलं तसतसं माझं तोंड उतरत गेलं. हा धडा पास होणार आणि पोरगी जाणार, हे दिसत होतं.

मग मास्तरनं फळ्यावर लिहिलं, एक ट्रॅक्टर दोन तासांत तीन एकर नांगरतो, तर सहा एकरांना किती तास? पोरीनं झटकन लिहिलं, चार.

मी म्हणालो, "काय व, चार तासात सहा एकर? चार तास मारले तं धुऱ्याची कडही होत नाही. हा मास्तर कधी वावरात गेला नाही वाटते."

नांगर एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जातो, त्याची जी ओळ पडते, तिला आम्ही तास म्हणतो. सारा जन्म मी तास मारत आलो. नांगराच्या गोष्टीत तास म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि चार खोडला. मी कागदावर फुली मारली. जरा जोरातच मारली.

दुसऱ्या दिवशी कागद मॅडमना दिला. त्यांनी विचारलं, "हा चौथा काहून खोडला, आबा? मला तर हाच बरा वाटला होता."

मी ऐटीत सांगितलं. मॅडमनी पोरीची वही उघडली. "चार बरोबर आहे. तू काहून खोडला?"

"आबा म्हने चूक हाये."

मॅडमना आधी हसू आलं. मग पोरीचं तोंड पाहून त्या थांबल्या. म्हणाल्या, "आबा, घंटे. चार घंटे."

मला तास म्हणजे घंटा हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण धडा नापास व्हावा असं मनात आधीच होतं, म्हणून चूक सापडली तशी मी ती दोन्ही हातांनी धरली. आणि पोरीनं बरोबर आलेलं उत्तर माझ्या शब्दावर पुसलं. बुढी असती तर तिनं तिथंच चार लोकांत माझी अक्कल काढली असती.

मी कागद परत घेतला आणि चौथ्यापुढची फुली खोडून टाकली. "धडा चांगला हाये," म्हणालो.

घरी मुलाला सगळं खरं सांगितलं. धडा चांगला आहे, फडावर चालेल, हेही सांगितलं. मग म्हणालो, "पण पोरीनं बरोबर उत्तर खोडलं, तं मास्तर पुढचं गणित सांगून राह्यला होता. त्याले काय दिसते? मॅडमनं वही पाह्यली म्हनून कळलं. फडावर वही कोन पाहीन?"

मुलगा म्हणाला, "अन् इथी? इथी तं तुमीच खोडता, बा."

"मी खोडीन, मॅडम पाहीन. राहू दे तिले."

"सयपाक कोन करीन?"

"शिकतो."

"कोनापाशी?"

"मोबाइलवर. सारं फुकट हाये म्हन्तं न तू?"

सून भाकरी थापत होती. ती तोंडाला पदर लावून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "राहू द्या तिले. लहान्याले मी पाह्यते." मुलगा उठून बाहेर गेला. बाहेरूनच म्हणाला, "उपाशी ठेवसान पोरीले." त्यानं हो म्हटलं ते एवढंच.

टोळीचा ट्रक गेला त्या दिवशी पोरीनं टाकीजवळ धडा उतरवून आणला आणि मोबाइल चुलीपासून लांब, डब्याला टेकवून ठेवला. वांग्याची भाजी. धडा चांगला होता. बाई आपल्यासारखं बोलत होत्या, घाई नव्हती, नंबर मागत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, चवीनुसार मीठ घाला.

मी मीठ हातात घेऊन बसून राहिलो. या घरात मीठ किती टाकायचं ते मला कधी माहीत करून घ्यावं लागलं नाही. ताटात यायचं ते बरोबर असायचं.

"टाका न आबा."

"किती?"

"थोडं थोडं टाका. मी सांगते बस म्हनून."

मी टाकत गेलो. ती बस म्हणाली तिथं थांबलो. भाजी खारट झाली होती. पाणी पीत पीत दोघांनी संपवली.